मोजायची राहिलेली आत्या

“गाठ कॅन्सरची आहे,” डॉक्टर म्हणाले, आणि मी सायलीकडे बघितलं.

सायली माझी धाकटी बहीण. माझी फाइल मांडीवर घेऊन ती शेजारी बसली होती. घाईत घातलेली तिची जाड वेणी खांद्यावरून पुढे आली होती. मी रोज सकाळी चालायला जाणारी, जेवणात आधी कोशिंबीर घेणारी. ती शिरूरच्या स्टँडवर उतरली की आधी वडापाव खाणार आणि मग घरी येणार. मला पहिलं काही सुचलं असेल तर ते हे: हिला का नाही?

असं मनात येतं. तुमच्या मनात आलं तर स्वतःला वाईट समजू नका. आजारपणात मी बरंच वाचलं. भीतीबद्दल सापडलं, धीराबद्दल सापडलं, हेव्याबद्दल कुणी लिहिलेलं दिसलं नाही.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. रांजणगावच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. अंघोळ करताना डाव्या स्तनात हरभऱ्याएवढी गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून गप्प राहिले. एरवीही मला काही सांगायचं म्हणजे जिवावर येतं. गाठ वाढली तेव्हा आईला सांगितलं. मग सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि पुण्याला बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं.

बायोप्सीच्या दिवशीच डॉक्टरांनी विचारलं होतं, “घरात आधी कुणाला कॅन्सर?”

“न्हाई साहेब,” आप्पा म्हणाले. माझे वडील. त्यांनी आजोबांपासून सुरुवात केली. चुलते, चुलतभाऊ, त्यांची मुलं, सगळे बोटांवर मोजले. “आमच्या अख्ख्या भावकीत कुणाला न्हाई.”

“आईकडे?”

आई म्हणाली, माहेरी कुणाला नाही. मग तिने पदर सारखा केला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण आप्पा पुन्हा बोलायला लागले होते आणि आप्पा बोलताना ती थांबते.

माझा कॅन्सर ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचा निघाला. हार्मोनच्या गोळ्यांचा त्यावर उपयोग नसतो, त्यामुळे केमोथेरपी आधी आणि ऑपरेशन नंतर असं ठरलं. केमोच्या वॉर्डात हेव्याला भरपूर वेळ मिळतो. ज्या बाईची बाटली आधी संपायची तिचा हेवा. जिच्या भुवया टिकल्या होत्या तिचा हेवा. एक साठीच्या काकू मला बघून हळहळल्या, “इतक्या लहान वयात गं?” मी हसले. मनात म्हटलं, तुम्हाला साठ वर्षं तर मिळाली.

घरी सायली रविवारी केसांना तेल लावायची. माझ्या समोर बसून.

“दुसऱ्या खोलीत लाव,” मी म्हटलं.

“मग काय करू, टक्कल करू?”

“कर.”

“वडापाव खाऊन येते, मग करते.”

मला हसू आलं आणि त्याचाही राग आला.

वय कमी आणि कॅन्सर या प्रकारचा, म्हणून डॉक्टरांनी जेनेटिक टेस्ट करायला सांगितली होती. रक्तातून जीन तपासतात. काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. बीआरसीए-वन नावाच्या जीनमध्ये बिघाड होता. हा जीन प्रत्येकात असतो. पेशींमधली मोडतोड दुरुस्त करणं हे त्याचं काम. माझा जन्मापासूनच बिघडलेला. तो बिघडलेला असला की स्तनाच्या आणि ओव्हरीच्या, म्हणजे बीजकोशाच्या, कॅन्सरचा धोका खूप वाढतो.

जेनेटिक कौन्सेलर, म्हणजे या विषयात सल्ला देणाऱ्या मॅडम, आमचा वंशवृक्ष काढायला बसल्या. बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन. आप्पांचा चौकोन काढून त्यांनी विचारलं, “तुम्हाला बहिणी?”

“व्हती की. एकच. पण ती लग्न होऊन गेली वडगाव रासाईला.”

“आता कशा आहेत?”

“वारली. बरीच वर्षं झाली. पोटाच्या आजारानं.”

“पोटाचा कुठला आजार?”

आप्पा खाली बघायला लागले. आई पहिल्यांदाच मधे बोलली. “ओव्हरीचा कॅन्सर. पोटात सारखं पाणी व्हायचं. मीच व्हते दवाखान्यात त्यांच्याजवळ.”

“आई, मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?”

“डॉक्टरांनी घरात कुणाला म्हणून विचारलं गं. त्या त्यांच्या घरच्या.”

यात आईची किंवा आप्पांची चूक आहे असं मला म्हणता येत नाही. आमच्याकडे सगळ्यांनीच असं मोजलं असतं. लेक दिली की ती तिकडची. आत्या गेली तेव्हा तिचं सुतकही आमच्याकडे पूर्ण धरलं नव्हतं, एवढंच मला लहानपणचं आठवतं. जीन मात्र सुतक बघत नाही. मॅडमनी सांगितलं, की हा बिघाड आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. बापाला काही न होता तो लेकीत उतरू शकतो. प्रत्येक मुलामुलीत येण्याची शक्यता निम्मी.

मग त्यांनी आत्याच्या गोलाखाली रेघ काढली. “यांना मुलं?”

“एक मुलगी. ज्योती. केडगावला दिलीय.”

“त्यांना हे कळायला हवं. आज काही झालेलं नसेल, तर त्यांच्यासाठी करण्यासारखं खूप आहे.”

परतताना गाडीत, कोरेगाव भीमा मागे पडल्यावर आप्पा म्हणाले, “जावयाच्या घरी जाऊन असलं कसं सांगायचं? तिची पोरगी उद्या लग्नाला येईल. लोक बोट दाखवतील.”

मला ज्योतीताईचा हेवा वाटत होता. ती तिकडे भाकऱ्या थापत असेल आणि तिला काही माहीत नसेल. माहीत नसणं किती छान असतं, हे मला एव्हाना कळलं होतं.

आप्पांनी आणि सायलीनेही या तपासणीसाठी रक्त दिलं होतं. आप्पांमध्ये तो बिघाड निघाला. सायली माझ्या खोलीत आली आणि दारातच उभी राहिली.

“ताई, माझ्यात नाहीये.”

“बरं झालं,” मी म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं. निम्म्या शक्यतेतला चांगला निम्मा तिच्या वाट्याला आणि वाईट माझ्या. एकाच आईबापाच्या, एकाच ताटात जेवलेल्या आम्ही. ती गेली नाही. पलंगाच्या कडेला बसली.

“चिड माझ्यावर. हवं तितकं चिड. पण ज्योतीताईला सांगायला चल.”

“आप्पा नको म्हणतात.”

“आप्पांना मी बघते.”

रात्री तिचा आवाज बाहेरून येत होता, आप्पांचा येत नव्हता. सकाळी बघितलं तर आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून गाडी पुसत होते. “बसा,” म्हणाले. “माझ्या बहिणीचं हाय. मीच सांगतो.”

न्हावऱ्यावरून केडगावला गेलो. ज्योतीताईचे मिस्टर रेल्वेने पुण्याला कामाला गेले होते, मुलं शाळेत होती. तिने आधी चहा दिला, मग पोहे, मग पुन्हा चहा. आप्पा पावसापाण्याचं बोलले, उसाचं बोलले, बाजारभावाचं बोलले. मूळ विषय काही निघेना. शेवटी मी डोक्याचा स्कार्फ काढला. एरवी मी तो कुणासमोर काढत नाही.

मग मीच सगळं सांगितलं. एवढं सलग मी कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही.

ज्योतीताईने ऐकून घेतलं. मग आप्पांना विचारलं, “मामा, आईला काय झालतं, ठाऊक व्हतं तुम्हाला?”

“व्हतं. पण ती तिकडची झालती गं.”

“मंग आता दुखणं वाटायच्या वक्ताला इकडची झाली व्हय?”

आप्पांनी कप खाली ठेवला. ज्योतीताईने तो कप उचलला आणि माझ्याकडे वळली. “सांग. काय करावं लागंल?”

मी सांगितलं. आधी रक्ताची तपासणी. बिघाड निघाला तर दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी, म्हणजे काही झालंच तर लवकर सापडतं. मुलं झालेली असतील तर डॉक्टर बीजकोश आणि गर्भाशयाच्या नळ्या काढायला सुचवतात, त्याने धोका पुष्कळ कमी होतो. कुणी स्तनांचंही ऑपरेशन आधीच करून घेतं. चालणं, वजन आटोक्यात ठेवणं, तंबाखू सोडणं हे सगळ्यांनीच करायचं, पण असा जीन असेल तर तेवढ्यावर भागत नाही. मी चालतच होते.

तिने खिडकीतल्या मिश्रीच्या डबीकडे बघितलं. “आन् ही?”

“ती पण बंद.”

“त्यापरीस आपरेशन परवडलं.”

सगळ्यात आधी आप्पा हसले, डोळे पुसत.

ज्योतीताईमध्ये बिघाड निघाला. कॅन्सर नव्हता. माझं दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झालं, त्यानंतर काही महिन्यांनी तिचे बीजकोश आणि नळ्या काढल्या. काढलेल्या भागातही काही सापडलं नाही. तिच्या कॉटशेजारी मी बसले होते. नर्सने विचारलं, “पेशंटच्या कोण?” मी काही म्हणायच्या आत आप्पा म्हणाले, “आमच्या घरातलीच हाय.”

आता माझ्या तपासण्या ठीक येतात. केस आलेत, कानापर्यंत. रविवारी सायली तेल लावते तेव्हा मला अजूनही तिच्या वेणीचा हेवा वाटतो. तिला ते माहीत आहे. ती माझ्याही डोक्यावर थोडं तेल थापते आणि मी थापू देते.

बहुतेक कॅन्सर घराण्यातून येत नाहीत. उगाच घाबरून तपासण्या करत सुटू नका. पण घरात कुणाला लहान वयात झाला असेल, किंवा एकाच बाजूला दोघांतिघांना झाला असेल, तर डॉक्टरांना सांगा आणि कौन्सेलरना भेटा. मोजताना आत्या मोजा, आजी मोजा, लग्न होऊन गेलेल्या सगळ्या मोजा. पोटाचा आजार म्हणून सोडून देऊ नका, कुठला ते विचारा.

ज्योतीताईला आजार व्हायच्या आधी कळलं, मला नाही. तिचा मला सगळ्यात जास्त हेवा वाटतो, आणि हा एकच हेवा मला जावासा वाटत नाही. हे वाचून तुमच्यापैकी कुणी आज आत्याच्या घरी फोन केला, तर मला तुमचाही वाटू दे.