साल नसलेली तिथी

"साल राहू द्या. महिना आणि तिथी सांगा," म्हणत काका चष्मा कपाळावर सरकवायचे. कुणाच्या वडिलांचं श्राद्ध यंदा कोणत्या तारखेला येतं, हे सांगणारं सॉफ्टवेअर त्यांनी बँकेची नोकरी सांभाळून लिहिलं होतं. काशीतले, दुर्गाघाटापासून पंचगंगा घाटापर्यंतचे आपले मराठी गुरुजी ते फुकट वापरत.

मी त्याच बँकेत, पुण्याहून बदली होऊन आलेला. "पेटंट घ्या," म्हणून त्यांच्या मागे लागायचो.

"अहो, हे गणित आहे. त्याला मालक कसला? उद्या पाढ्यांचं पेटंट मागाल."

"पण कष्ट तुमचे आहेत ना?"

"कष्ट माझे, पंचांग सगळ्यांचं."

माघार दोघांनाही ठाऊक नव्हती. चहा गार व्हायचा. असा एखादा हट्टी माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

मग एका कंपनीनं तेच गणित देवळात ठेवायच्या यंत्रात घातलं. नुसत्या सॉफ्टवेअरला आपल्याकडे पेटंट मिळत नाही. यंत्रासकट त्यांना मिळालं. गुरुजींना नोटिसा आल्या, आमच्या पद्धतीची नक्कल वापरू नका. काकांनी त्यातली एक दोनदा वाचली. "नक्कल? मी केली?"

मी त्यांना वकिलाकडे नेलं. "आपका पहले से था, बस इतना साबित कर दीजिए," तो म्हणाला. काकांनी मोठ्या उमेदीनं सॉफ्टवेअरची पहिली ओळ दाखवली. तिथे त्यांनी लिहून ठेवलं होतं, 'कार्तिक वद्य षष्ठी, काम पूर्ण.'

"साल कहाँ है, बाबूजी?"

साल नव्हतं. जुना संगणक केव्हाच भंगारात गेला होता. काका त्या ओळीकडे बघत राहिले. मला हसू फुटलं. त्या हसण्याची आजही लाज वाटते.

साक्ष द्यायला गुरुजी कचरले. तेव्हा काका स्वतःच गल्लोगल्ली फिरून एकेकाच्या फोनमधून आपलं सॉफ्टवेअर काढत गेले. "तुम्हाला त्रास नको," एवढंच म्हणायचे. आमच्या वादात मी खरा ठरलो होतो. तो विषय मी पुन्हा काढला नाही.

त्याच वर्षी ते गेले. शेवटपर्यंत त्यांना नक्कल हा शब्द बोचत होता.

परवा काकांच्या दुसऱ्या श्राद्धाचा दिवस ठरवायला एक गुरुजी काकूंकडे आले, तेव्हा मी तिथे होतो. काकू आता सगळं सालासकट वहीत लिहितात. त्या चष्मा लावून वाचू लागल्या, आधी साल.

गुरुजींनी फोनवर कंपनीचं ॲप उघडलं होतं. मान वर न करता ते म्हणाले, "साल राहू द्या, काकू. महिना आणि तिथी सांगा."