काखेतला धोटा

धोटा पडला की थांबायचं. मोहियोद्दीननं स्वतःपुरता हा कायदा केला होता, आणि गेले सतरा दिवस तो पाळलाही होता.

हर्सूलच्या तलावात, ऊन जरा वर आल्यावर, पन्नाशीतला हा हिमरूचं रेशमी कापड विणणारा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहायचा. उजव्या हातात बांबूच्या चिपा जोडून केलेली सहा हात लांबीची लवचिक काठी. दोरीच्या टोकाला गळ, आणि गळावर कोंबड्याच्या मानेचं पीस हिमरूच्या रेशमानं गुंडाळून केलेली बनावट माशी. आणि उजव्या काखेत, घट्ट दाबून धरलेला, टवका उडालेला जुना धोटा. मागावर ताण्याच्या दोऱ्यांमधून इकडून तिकडं फेकतात ती लाकडी होडी, तोच. कोपर अंगाला चिकटलेलं राहिलं तर धोटा काखेत राहणार, आणि धोटा काखेत राहिला तर खांदा जागेवर राहणार. मनगट तेवढं हलवायचं. दोरी हवेत मागं जायची, पुढं यायची आणि माशी पाण्यावर अशी टेकायची, की पाण्यालाही पत्ता नाही.

"चाचा, कोंबडीचं पीस आन् रेशीम खाऊन मासे काय नवाब व्हनार हायेत का?" बांधावर बसून जाळं दुरुस्त करणारा सांडू भोई रोज विचारायचा.

"तुझ्या जाळ्यात येतात ते गरीब मासे," मोहियोद्दीन म्हणायचा. "माझ्याकडं खानदानी येतात."

"व्हय! काल बोटभर खानदान आलं हुतं. म्या पाह्यलं ना."

काठी त्याला छावणीतल्या एका गोऱ्या साहेबानं दिलेली. साहेब माश्या बांधायला रेशीम न्यायला यायचा, आणि यायचा तो बसायचाच. काखेत किताब धरून दोरी कशी फेकायची, हे त्यानंच शिकवलं. जाताना काठी मागं ठेवून गेला. पुढं पोलीस अॅक्शन झाली, हत्यारं जमा करा म्हणून दवंडी फिरली, तेव्हा मोहियोद्दीन काठीची लांबोडी पत्र्याची नळी घेऊन आपण होऊन चौकीत गेला होता. फौजदारानं झाकण उघडलं, आतली काडी बघितली, याच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "घेऊन जा बाबा, लवकर." त्याला आता सात वर्षं झाली होती. काठीची दोरी गुंडाळायची चक्री गंजून कधीच अडकली होती, दोरी हातानंच सोडायची, हातानंच गोळा करायची. साहेबाची दोरी कुजून संपली, तेव्हा यानं घरच्या रेशमाचे सहा पदर पिळून लावले. सांडूनं ते ओढून बघितलं आणि म्हणाला, "ह्याला म्हैस बांधा."

उजवा खांदा पहिल्यांदा निखळला तो जाफर गेटजवळच्या घराच्या जिन्यात, ताण्याचे दोरे गुंडाळलेला रूळ उचलून नेताना पडला तेव्हा. दुसऱ्यांदा नुसता सदरा काढताना. दोन्ही वेळा उस्मानपुऱ्यातल्या पुंजाराम पैलवानानं बसवला. दुसऱ्यांदा बसवल्यावर पैलवान हात पुसत म्हणाला, "मियां, कवाडाची बिजागरी ढिली झालीय. आता तिसऱ्यांदा निघाला तर म्या बसवीन, नाय म्हनत नाय. जेवायला, दाढी करायला चालंल. पन धोटा फेकायच्या कामाचा ऱ्हानार नाय."

"मग बांधून ठेवू?"

"बांदून ठिवला तर लाकूड हुईल. रोज हलवत ऱ्हावा. पन खांद्याच्या वर न्हेऊ नगा, आन् वढू तर बिलकूल नगा."

तेव्हापासून ही काठी बाहेर निघाली. सकाळी तासभर दोरी फेकली, की दुपारी मागावर हात चालायचा. नाही फेकली, त्या दिवशी चालायचा नाही. इतकं साधं होतं ते.

आणि मागावर चार वीत कापड बाकी होतं. मुलीच्या, राहतच्या निकाहाची शाल. नक्षी त्याच्या बापाची. हिमरूची नक्षी कागदावर नसते, मागाच्या वरच्या अंगाला दोऱ्यांच्या गाठींत बांधून ठेवलेली असते. एकानं त्या दोऱ्या ओळीनं ओढायच्या, दुसऱ्यानं खाली धोटा फेकायचा. बापानं बांधलेल्या त्या गाठी चाळीस वर्षांच्या झाल्या होत्या आणि रोज एखादी कुजून तुटत होती. दोऱ्या ओढायला जाहेदा, त्याची बायको, बसायची. दोघांनाही ठाऊक होतं. ही शाल उतरली की ती नक्षी संपली. मध्येच हात गेला, तर अर्धीच संपली. त्याच्या फेकीचा जोर आणि त्या जुन्या गाठींचा धीर एकमेकांना ओळखत होते. दुसरा कुणी बसवला तर दोन दिवसांत चिंध्या.

म्हणून जाहेदानं पहिल्याच दिवशी त्याला दारात अडवलं होतं.

"कसम खाओ. हातभर मासा लागला तर दोरी कापायची. ओढना नक्को."

"हौ."

"नुसतं हौ नक्को. तोंडानं बोलो."

"कापतो, बाई. कैची आहे पिशवीत."

"आणि माझ्या कोंबड्याची मान सोडा आता. जाहेदाचा कोंबडा बोडका फिरतो म्हणून गल्ली हसते."

अठराव्या दिवशी कैची पिशवीतच होती. पिशवी काठावर होती. तो पाण्यात होता, वीस पावलं आत.

माशी लव्हाळ्याच्या कडेला टेकली. पाणी फुगलं. आवाज काहीच झाला नाही, नुसतं खालून कुणीतरी पाठ वर केल्यासारखं पाणी फुगलं आणि माशी गेली. काठी अर्धी वाकली. मग त्यानं पाहिली. मरळ. काळी, मांडीएवढी जाड, सापासारख्या तोंडाची. हातभर कसली, अडीच हात होती.

कापायची. त्याला आठवलं, नाही असं नाही. पण काठीतून ती थरथर हाताच्या हाडात उतरली आणि त्यानं मनाला सांगितलं, घडीभर बघू. शहाणपणही केलं. काठी डाव्या हातात घेतली, म्हणजे ताण डाव्या खांद्यावर. उजवा हात कमरेशी, नुसती दोरी गोळा करायला. काखेत धोटा तसाच. बघ, पडला का? नाही पडला.

मरळ पन्नासेक हात पळाली आणि एकाएकी वळून सरळ त्याच्याकडं आली. दोरी सैल पडली. पाण्यावर दोरीची वेटोळी तरंगायला लागली.

भोयाच्या पोरानं अशा वेळी दोरी सोडून दिली असती. शिकाऱ्यानं मागं पावलं घेतली असती. पण मोहियोद्दीन विणकर होता. बारा वर्षांचा असल्यापासून मागाच्या खड्ड्यात बसलेला. सैल दोरा दिसला, की विणकराचा हात विचारत नाही. तो दोरा उचलतो आणि पंजावर गुंडाळतो. झोल राहिला की कापड बिघडतं. उजव्या हातानं एक वेढा घेतला, दुसरा घेतला, मनगटाभोवती तिसरा. झोल गेला. त्याला बरंही वाटलं.

तेवढ्यात मरळ फिरली.

हात कमरेपासून सुटून सरळ पुढं ताणला गेला आणि काखेतला धोटा पाण्यात पडला.

थांबायचं. पण थांबवायचं कसं? तीन वेढे मांसात रुतले. डाव्या हातातली काठी निरर्थक झाली होती. मरळ खाली बुडालेल्या बाभळीकडं ओढत होती आणि मध्ये काही नव्हतं, फक्त त्याचा हात. खांद्याच्या आत काहीतरी हळूच सरकलं. त्याला ते सरकणं ओळखीचं होतं. जिन्यात सरकलं होतं तसंच.

त्यानं वाकून दोरीला दात लावले. ओलं रेशीम दातांवरून घसरलं. सहा पदरी, स्वतःचा पीळ. म्हैस बांधा म्हणाला होता सांडू.

"चाचा!" बांधावरून सांडू जाळं टाकून पळत निघाला होता. "मागं सरा! मागं सरून वढा! पाय रोवा!"

मागं सरलं असतं तर खांदा निघाला असता. एका झटक्यात. पुढचा झटका आला आणि मोहियोद्दीनच्या तोंडून "या अल्ला" निघालं. हाताची करंगळी बधिर झाली. ताणा फार ताणला गेला तर काय करायचं? बापानं खड्ड्यात बसवून पहिल्या दिवशी सांगितलेलं. दोरा ओढू नकोस. रूळ पुढं सोड. दोरा जिकडं मागतो तिकडं जा.

रूळ तर आता तोच होता.

तो पुढं चालायला लागला.

"आरं, तिकडं कुठं? चाचा! फुडं खोल हाय! पवता येतं का तुमाला?"

पवता येत नव्हतं. मांडीएवढं पाणी. कंबरेएवढं. खड्ड्यात पाय मोडून बसून बसून गुडघे आधीच गेलेले, चिखलातून एकेक पाऊल उपसताना ते कुरकुरत होते. पण प्रत्येक पावलाला दोरी बोटभर ढिली होत होती. छातीएवढं. मरळ बाभळीखाली जाऊन थांबली असावी. ओढ कमी झाली. गेली नव्हती, नुसती दम धरून होती. हनुवटीला पाणी लागलं. पुढच्या पावलाला खाली जमीन लागेल का, हे पायानं चाचपून बघितलं. लागली नाही.

आता इथंच. ती हलायच्या आत.

वेढे सोडायला दुसरा हात हवा होता आणि दुसऱ्या हातात काठी होती. काठी सोडली तर मासा तिला दोरीसकट नेणार. एवढा हिशोब करायला त्याला एक श्वास लागला, आणि तो श्वास फार लांब वाटला. मग त्यानं डावी मूठ उघडली.

मनगटावरचा वेढा निघाला. पंजावरचा रुतला होता, नखानं उकरून काढला. नाकात पाणी गेलं. शेवटचा करंगळीला अडकून बसला. मरळ हलली. दोरी ताठ व्हायला लागली, आणि त्यानं करंगळी वाकवून, मागावरची गाठ सोडतात तशी, घाई न करता, दोरी नखावरून उतरवली.

दोरी सळकन गेली. मागोमाग साहेबाची काठी, शेंडा पुढं करून, पाण्यावरून सरपटत बाभळीपर्यंत गेली आणि खाली गेली.

सांडूनं त्याला मागून सदऱ्याला धरून काठावर आणला. मोहियोद्दीन खोकत होता आणि डाव्या हातानं उजवा खांदा चाचपत होता. गोळा जागेवर होता. का नव्हता? तळव्यापासून मनगटापर्यंत तीन लाल चरे उमटले होते.

"हालवून बघा," सांडू म्हणाला.

"नक्को. इथं नक्को."

"आन् येवढा म्हातारा मानूस माशाच्या मागं चालत जातो व्हय? म्या म्हनलं, सासुरवाडीला निघाले जनू." सांडूचा आवाजही जागेवर नव्हता. मग तो पुन्हा पाण्यात उतरला आणि तरंगत असलेला धोटा घेऊन आला. "मासा गेला, काठी गेली. हे तेवढं धरा."

दिल्ली दरवाज्यातून घरापर्यंत मोहियोद्दीननं हात पोटाशी धरून नेला, कुणाचं तान्हं नेल्यासारखा. जाहेदानं दार उघडलं. ओले कपडे बघितले, काठी नाही हे बघितलं. तो कपडे बदलून आला, तेव्हा ती मागावर आपल्या जागी जाऊन बसलेली होती.

तो खड्ड्यात उतरला. गुडघे वाजले. रोजचा धोटा उजव्या हातात घेतला.

जाहेदानं पहिल्या ओळीच्या दोऱ्या ओढल्या आणि धरून ठेवल्या. ताण्यात वाट उघडली. रोज ती नक्षीकडं बघायची. आज त्याच्या खांद्याकडं बघत होती. वर एक जुनी गाठ करकरली. फार वेळ धरून ठेवता आलं नसतं.

त्यानं कोपर अंगाशी घेतलं आणि मनगटानं फेकलं.

धोटा ताण्यातून गेला आणि डाव्या हातात येऊन बसला. खांद्यातून कळ निघाली, बोटांपर्यंत आली आणि तिथंच संपली. आत काही सरकलं नाही.

जाहेदानं दोऱ्या सोडल्या, दुसरी ओळ ओढली. डावीकडून उजवीकडं. तिसरी. उजवीकडून डावीकडं. दहा-बारा फेकी अशाच झाल्या, दोघांनी श्वास मोजून घेतल्यासारख्या.

"काठी?" शेवटी तिनं विचारलं.

"मरळ घेऊन गेली."

"कितीची होती?"

तो थांबला. खरं सांगायचं तर दोन्ही हात पसरून दाखवायला हवे होते, आणि उजवा हात तेवढा पसरणं बरं नव्हतं.

"हातभर," तो म्हणाला.

जाहेदानं खिडकीत वाळत टाकलेल्या टवकेवाल्या धोट्याकडं बघितलं, मग त्याच्या हातावरच्या तीन चऱ्यांकडं.

"फेका," ती म्हणाली आणि पुढची ओळ ओढली.