काळ्या पडद्यापुढचे थांबा सर

आमच्या नांदेडच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबच्या सरांना सगळे ‘थांबा सर’ म्हणायचे. मशीन अडलं की आमचा हात आधी पॉवरच्या बटणाकडे जायचा, आणि मागून आवाज यायचा, “थांब! आजारी माणसाला आधी विचारतेत, काय दुखून राहिलं. डायरेक्ट गळा दाबतेत का?”

शुगरमुळे त्यांची नजर अधू झाली होती. नाक पडद्याला टेकवूनही अक्षरं लागायची नाहीत, म्हणून ते आम्हाला वाचायला लावत. “अंदाजानं नको. लिहिलंय तसं वाच.” मी मुखेडच्या शाळेतून आलेली, इंग्रजी कच्चं. एकेक अक्षर जोडत वाचायचे आणि मुलं हसायची. सर म्हणायचे, “हसू दे त्यांना. हळू वाचणाऱ्याचं काही सुटत न्हाई.”

कोणाचं काही पुसायचं नाही, हा त्यांचा दुसरा हट्ट. पास होऊन गेलेल्यांचे प्रोजेक्टही सर्व्हरवर तसेच. “लेकरानं वर्ष घातलंय त्यात. उद्या मागायला आलं तर?”

शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेच्या सकाळी सर्व्हर सुरू केला. अक्षरांच्या ओळी धावल्या आणि लॉगिनची खिडकी यायची तिथे नुसता काळा पडदा. कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती. माझा प्रोजेक्ट त्यातच होता. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. “यंदा पास झाली तर पुढं शीक, न्हाईतर स्थळं बघू,” असं बाबांनी शांतपणे सांगितलं होतं. बाहेरून आलेले परीक्षक खाली चहा घेत होते.

“बटण दाबू का सर?”

“थांब.” त्यांनी तीन कळा एकत्र दाबल्या. नुसत्या अक्षरांचा पडदा आला. “चित्र गेलंय, पण आत जीव हाय. वाच.”

सर चाचपडत कमांड टाइप करीत होते, मी उत्तरं वाचत होते. शेवटी कळलं, डिस्क काठोकाठ भरली होती. खिडकी उघडायलाही थोडी मोकळी जागा लागते, तेवढीही उरली नव्हती.

“मोठमोठे फोल्डर वाच.”

सगळी मागच्या पोरांची नावं. प्रत्येक नावाला सर मान हलवत, “ते न्हाई. ते बी न्हाई.”

मला रडू आलं. “सर, परीक्षक जिना चढून राहिले!”

मग एक वेगळं नाव आलं. सरांच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ. या वेळी सरांची मान हलली नाही.

“पूस.”

“दुसरीकडे आहे ना सर?”

“हाव, हाय. पूस, माय.”

मी पुसलं. सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि निळी खिडकी उजळली. सरांना ती दिसली नसावी. माझ्या हुंदक्यावरूनच कळलं असावं.

मी पास झाले. आता लातूरला नोकरी करते. सर निवृत्त होऊन औशाला त्यांच्या घरी असतात. मागच्या महिन्यात भेटायला गेले. आता त्यांना काहीच दिसत नाही. पण माझ्या पावलांवरून त्यांनी मला ओळखलं, असं तेच म्हणाले.

चहा देता देता त्यांची मुलगी हसून म्हणाली, “माझ्या लग्नाचा व्हिडिओ बाबांनी कुठं ठेवलाय, कोण जाणे. एकच कॉपी होती. विचारलं की म्हणतेत, सापडंल.”

मी कप खाली ठेवला. “ताई, तो व्हिडिओ...” मी कशीबशी सुरुवात केली.

“थांब,” सर म्हणाले. “चहा निवून राहिला. आधी पी.”