वर्षश्राद्धाचा केक

माझ्या बायकोच्या वर्षश्राद्धाला फुगे आले, त्याला मी जबाबदार हाय.

पोरगा संजय पुण्यात, सून कलकत्त्याची. व्याह्यांना मराठी येत न्हाई, मला इंग्रजी. (शाळा सातवीत सुटली. शाळेलाच बरं वाटलं!) ही गेल्यावर घर खायला उठायलं, म्हणून मोबाईलवर इंग्रजी शिकायलो होतो. त्यात एक मशीन हाय. आपण लिहायचं, ते चुकांखाली लाल रेघ मारून दाखवतं. संजयला विचारलं तर, "अण्णा, राहू द्या, तुम्हाला न्हाई जमायचं," म्हणून हसतो. मशीन हसत न्हाई.

हिच्या श्राद्धाचं आवतण मीच लिहिणार, असं ठरवलं. तिच्यासाठी तेवढं तरी माझ्या हातानं नीट व्हावं! लिहिलं : बायको मेली, वर्ष झालं, जेवायला या. मशीन मराठीत म्हणलं, मजकूर लई उदास हाय, आनंदी करू का? मी म्हणलं, पाव्हण्यांना कशाला रडवायचं? दाबलं बटन! अजून आनंदी करू? दाबलं! सगळ्या लाल रेघा गेल्या. काय झालंय ते वाचता आलं न्हाई, पण दिसायला झकास होतं. धाडलं.

श्राद्धाच्या दिवशी निलंग्यात आमच्या दारात गाडी थांबली. व्याही भरजरी झब्ब्यात, विहीणबाईंच्या हातात फुगे अन् केक!

"अण्णा, काय लिहिलंत? ह्यांना वाटलं दावत हाय!" संजय वराडला.

"मी कुठं? मशीननं लिहिलं!"

व्याही पांढरेफटक पडले. "एगलेस है," एवढंच म्हणले.

गच्चीवर कावळ्याला पान वाढलं. वडे, खीर, सगळं. कावळा शिवेना. कठड्यावर बसून माझ्याकडं बघत होता, हुबेहूब हिच्यासारखा!

"इच्छा राहिली असंल," गुरुजी म्हणले. "काहीतरी कबूल करा."

मी हात जोडले. "मशीन सोडतो, इंग्रजी सोडतो. पण ये गं."

कावळा हलला न्हाई. खाली पाव्हणे उपाशी, वर मी हात जोडून उभा. वर्षभर रडलो नव्हतो, तवा रडलो.

तेवढ्यात सुनेनं गुपचूप केकचा तुकडा पानात ठेवला. "आईला गोड आवडत होता," मोडक्या मराठीत म्हणली. तिचा हात मागं येतो न येतो, कावळ्यानं झडप घातली!

"आता तरी ते मशीन काढून टाका," संजय म्हणला.

"कशाला? तुझी माय गेल्यावर घरात माझ्या चुका काढणारं तेवढंच उरलंय. अन् मी सोडतो म्हणलो, तवा ती हलली का? मशीननं बोलावलेला केक आला, तवाच हलली. हयातभर तिनं माझं ऐकलं न्हाई. मेल्यावर मशीनचं ऐकलं!"