दोन पत्त्यांवरची रायफल

इन्व्हरकारगिलच्या मर्डो बेअर्डला स्वतःच्या मुलांचे वाढदिवस आठवत नसत, पण ४४१७ हा आकडा झोपेतून उठवलं तरी सांगायचा. विसाव्या वर्षी व्हिएतनाममध्ये त्याच्या खांद्यावर असलेल्या रायफलीचा तो नंबर. पुढे न्यूझीलंडच्या लष्कराने जुना माल विकायला काढला, तेव्हा या पठ्ठ्याने अख्खी रांग धुंडाळून नेमकी तीच शोधून आणली. रायफलीवर ४४१७, आणि जिच्याशिवाय गोळी सुटत नाही त्या आतल्या सरकत्या कळीवर, बोल्टवरही ४४१७. जुन्या बंदुका जमवणारे अशीला 'जुळलेली' म्हणतात. न जुळलेलीला कुत्रंही विचारत नाही.

मग क्राइस्टचर्चच्या मशिदींत एकाने नमाजाला आलेल्यांवर गोळ्या झाडल्या आणि महिन्याभरात कायदा बदलला. अशी लष्करी रायफल संग्रहात ठेवायची तर बोल्ट काढून दुसऱ्या पत्त्यावर, कुलपात ठेवायचा. कायदा मर्डोला पटला होता, हेच त्याचं दुखणं.

बोल्ट गेला थोरल्या बहिणीकडे, मोरागकडे. पोलिसांनी तिच्या घरची तिजोरी पाहून मंजुरी दिली. दर रविवारी मर्डो तिच्याकडे चीज रोल खायचा आणि बोल्टला तेलाचं बोट लावून यायचा.

एका रविवारी तिजोरी उघडीच होती, आणि रिकामी.

"बुधवारी पोलिसांना देऊन आले," मोराग म्हणाली. "विचारलं असतं तर तू दिला नसतास."

"माझी वस्तू होती ती."

"आणि घर माझं. माझ्या पायाचं ड्रेसिंग करायला फरीदा येते ना, तिचा भाऊ गेला त्या शुक्रवारी, मशिदीत. ती इथे बसून चहा पिते, मर्डो, आणि ते लोखंड या भिंतीपलीकडे."

मर्डोला तिच्यावर ओरडायचं होतं. "वितळवतील?" एवढंच त्याने विचारलं.

"हो. मी विचारून घेतलं."

ओळखीच्या दुकानदाराने फोनवर समजूत घातली. "दुसरा देतो की. लोक टाकून देतायत, ढीग पडलाय. आतला नंबर कोण बघतंय?"

"मी बघतो," म्हणून मर्डोने फोन ठेवला. त्याला फार एकटं वाटलं.

मंगळवारी त्याने रायफल नीट पुसली, आधी फोन करून पोलीस ठाण्यात नेली. तिथल्या पोलीस बाईने नंबर लिहायला घेतला. "आजोबा, हिचा बोल्ट कुठाय?"

"तो बुधवारीच आलाय, माझ्या बहिणीबरोबर. ४४१७. यादीत बघ."

तिचं बोट कागदावरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. "सापडला."

"मग हिला त्याच्याच खाली लिही."