वन्संची नाताळातली शिफ्ट

प्रत्यक्ष ब्रह्मदेवाने माझ्या थोरल्या नणंदबाईंना बोलावून आपली सगळी सृष्टी कौतुकाने दाखवली, तरी त्या आधी पदराने चष्मा पुसतील आणि विचारतील, "ह्याचं फायनल इन्स्पेक्शन कुणी केलंय?" चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरींचे जुडगे तयार होतात. तिथल्या लाइनीच्या अगदी शेवटच्या टोकाला वन्सं उभ्या असतात. गेली वीस-बावीस वर्षं समोर येणारी प्रत्येक वस्तू त्यांनी उलटून-पालटून पाहिली आहे आणि तिला ओके, रिवर्क किंवा रिजेक्ट यांपैकी एक शिक्का मारला आहे. ही सवय कंपनीच्या गेटवर जमा करून घरी येण्याची काही सोय नसल्यामुळे त्या भाकरी तपासतात, नात्यातली स्थळं तपासतात, देवळातला नवा कळसही त्यांनी मान वाकडी करून तपासला होता. फोनवरसुद्धा शेवटी "ओके का?" विचारून, समोरून "ओके" आल्याशिवाय त्या फोन ठेवत नाहीत. माझ्या लग्नात मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी माझ्या सासूबाईंना "ओके हाय" असं सांगितलं होतं म्हणे. माझा नवरा, म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, मात्र चाळिशी आली तरी अजून रिवर्कमध्येच आहे. मीही माणच्या एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचंच काम करते, तेव्हा आमचं छान जमेल असं मला वाटलं होतं. त्यांनी एकदा विचारलं, "तुमच्यात चुकीचा माल भायेर गेला तर काय करत्यात, वैनी?" मी म्हटलं, "पुढच्या वेळी दुरुस्त करून पाठवतो." त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याशी फार जपून बोलत होत्या.

पण डिसेंबर महिना आला की या बाईंशिवाय आमचं पान हलत नाही. शाळेला नाताळची दहा दिवस सुट्टी असते, माझ्या ऑफिसला एक दिवस, आणि नवऱ्याच्या भोसरीच्या कंपनीला ओव्हरटाइम. पहिल्या वर्षी मी मुलांसाठी रिमोटची गाडी, रंगीत चिकणमाती, चुंबकाचे ठोकळे असं बरंच काही आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी चिकणमातीत रुतून बसली होती आणि मुलं "आई, काय करू?" म्हणून मला फोन करत होती. तेव्हापासून वन्सं आपली रजा वर्षभर साठवतात. भावकीतली लग्नं चुकवतील, कांदा काढणीला नवऱ्याला एकट्याला जुंपतील, पण त्या दहा दिवसांना हात लावू देत नाहीत. सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला त्या पुनावळ्यात आमच्या दारात हजर. पिशवीत खेळणं म्हणाल तर एकही नाही. कांद्याच्या तीन जाळीदार गोण्या, खडूची पेटी, एक शिट्टी आणि एक शंभर पानी वही. "खेळणं दिलं की पोरगं नुसतं बघत बसतंय," त्या म्हणाल्या, "त्याला काम द्या, मंग बघा कसं खेळतंय."

आणि खरंच, त्यांनी आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटचा कारखाना केला. हॉलच्या फरशीवर पिवळ्या खडूने रेषा मारल्या, कारण चालायची वाट नेहमी मोकळी पाहिजे. माझा नवरा चहाचा कप घेऊन स्वतःच्या घरात रेषेबाहेर पाऊल टाकताच माझा धाकटा शौर्य शिट्टी फुंकायचा, आणि तो बिचारा मुकाट्याने मागे फिरून रेषेतून यायचा. सकाळी आठ वाजता सगळ्यांनी ओळीत उभं राहून सुरक्षेची शपथ घ्यायची. "मी सोफ्यावरून उडी मारणार नाही, मी ओल्या हाताने बटण दाबणार नाही, मी दादाला चावणार नाही." हे शेवटचं कलम शेजारच्या फ्लॅटमधल्या जुळ्यांपैकी धाकट्यासाठी खास घातलेलं होतं. त्यांचे आईवडीलही नोकरीला, घरी फक्त आजी, म्हणून ते दोघेही आमच्याच हजेरीपटावर. कुकरची तिसरी शिट्टी झाली की टी-ब्रेक, म्हणजे दूध. एरवी दुधाच्या पेल्याकडे बघून तोंड फिरवणारी मुलं तिसऱ्या शिट्टीला रांग लावायची, कारण ब्रेक सात मिनिटांचाच असे, आणि मिळेल तो ब्रेक घ्यायचा असतो हे वन्संनी त्यांना पहिल्याच दिवशी नीट समजावलं होतं.

सोसायटीत रोज येणाऱ्या पार्सलांची खोकी गोळा करून त्यांची ट्रक बनवायची लाइन लागायची. एकाने कापायचं, दुसऱ्याने चिकटवायचं, तिसऱ्याने बाटलीच्या झाकणांची चाकं बसवायची, आणि शेवटी माझी सई इन्स्पेक्शनला. ती तेव्हा सात वर्षांची होती, पण आत्याचा जुना चष्मा नाकावर चढवून असे काही ट्रक रिजेक्ट करायची की जुळ्यांना रडू फुटायचं. कांद्याची गोणी दाराच्या चौकटीला बांधून तिच्यात मोज्यांचा बॉल टाकायचा खेळ खेळत. मूग, मटकी, हरभरे एकत्र करून निवडायच्या शर्यती होत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कच्च्या मालाची उसळ व्हायची. पण सर्वांत कहर म्हणजे मटार सोलणे. वन्संनी मटारातली अळी ‘डिफेक्ट’ ठरवली आणि डिफेक्ट शोधणाऱ्याला ‘आजचा कामगार’ असा पुठ्ठ्याचा बिल्ला. झालं! चांगला मटार निघाला की पोरांची तोंडं पडायला लागली. शौर्याने तर एक अळी काड्यापेटीत जपून ठेवली आणि सलग तीन दिवस तीच नव्याने सापडल्याचं दाखवून बिल्ला मिळवला. चौथ्या दिवशी वन्संनी अळीच्या पाठीवरचा ठिपका ओळखला. "ह्यो पीस आदीच तपासलेला हाय," एवढंच त्या म्हणाल्या, आणि शौर्याला दिवसभर पॅकिंगला टाकलं.

दुपारच्या झोपेसाठी तर त्यांनी जी युक्ती काढली, तिच्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहीन. खेळाचं नाव ‘कंपनीची बस’. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या एकामागे एक लावायच्या, खिडकीकडे डोकं टेकवायचं, आणि ड्रायव्हर झालेल्या वन्सं ज्या ज्या स्टॉपची नावं घेतील ते ऐकत फर्स्ट शिफ्टच्या कामगारासारखं झोपायचं. गतिरोधक आला की खुर्ची हलायची. जो डोळे उघडेल तो बाद. "मोशी गेली… चिंबळी गेली…" असं करत बस चाकणला पोचेपर्यंत चारही प्रवासी घोरत असत. मी एका शनिवारी गंमत म्हणून पाचव्या खुर्चीवर बसले, तर मला थेट चार वाजता जाग आली.

या सगळ्यात एक नियम असा होता की त्यापुढे कुणाचं काही चालत नसे. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, येऊन उभा राहिल्याशिवाय आपली जागा सोडायची नाही. संध्याकाळी मी माणहून घरी येई तेव्हा वन्सं दाराशी उभ्याच असत. शंभर पानी वहीत लिहिलेलं असे: "सई ओके. शौर्य, गुडघा खरचटला, हळद लावली. काचा सगळ्या ओके. मटार तीन वाट्या, त्यातली एक कामगारांनी खाल्ली." मी वाचून सही केली की मगच त्या टेकायच्या. एकदा हिंजवडीच्या चौकात मी दोन तास अडकले. घरी येऊन बघते तर ह्या उभ्याच. मी चिडलेच. "वन्सं, शौर्य आत टीव्ही बघतोय, सई अभ्यास करतेय, तुम्ही बसलात तर काय बिघडतं?" त्यांनी वहीवर माझी सही घेतली. मग वही मिटून म्हणाल्या, "आमचा पोरगा सहा वर्साचा व्हता, वैनी. अशीच नाताळची सुट्टी. सासूबाई रानातनं येणार व्हत्या, मंग मी निघणार. कंपनीच्या बसनं हॉर्न द्यायला सुरवात केली. म्या म्हनलं, येतीलच पाच मिनिटांत, आन् गेले. सासूबाईंना दिस मावळला. पोरगं तंवर उंबऱ्यावर बसून व्हतं, पायात बूट घालून. रडलं बी न्हाई. आई आली की जायाचं म्हनून बूट घातलेले." त्यांनी वही पिशवीत टाकली. "त्याची एक बी सुट्टी मी बघितली न्हाई." सई टेबलाशी गृहपाठ करत होती. तिची पेन्सिल थांबलेली मला दिसली.

अशी पाच वर्षं गेली, आणि गेल्या डिसेंबरात सई बारा वर्षांची झाली. सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये सकाळी नऊ ते एक विंटर कॅम्प निघाला होता आणि तिच्या सगळ्या मैत्रिणी जाणार होत्या. "आत्याचे खेळ लहान मुलांचे असतात गं आई," ती म्हणाली. मी वन्संना फोनवर हे चाचरतच सांगितलं. "व्हय, जाऊ दे की," त्या म्हणाल्या, पण नंतरचं "ओके का?" विचारायला त्यांना जरा वेळ लागला. पहिल्या दिवशी त्यांनी वहीत सईच्या नावापुढे ‘ट्रान्सफर’ असं लिहिलं, आणि इन्स्पेक्शनची खुर्ची रिकामी ठेवूनच लाइन चालवली. मला फार वाईट वाटलं. पण बारा वर्षांच्या मुलीला आत्याचा चष्मा बळेच लावता येत नाही.

सुट्टीच्या सातव्या दिवशी सकाळी अकराला वन्संचा मला ऑफिसात फोन आला. त्यांचा मुलगा आता तिकडे दक्षिणेत एका कारखान्यात नोकरीला आहे. कंपनीच्या कामासाठी तो अचानक पुण्यात आला होता, तीनला घरी टेकणार होता आणि सहाला परत निघणार होता. आठ महिन्यांनी येत होता. पुनावळ्याहून त्यांच्या गावच्या घरी पोचायचं तर वन्संनी दीडला निघायला हवं होतं. मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही खुशाल जा, मी निघतेच." पलीकडून आवाज आला, "निघते म्हंजी आली न्हाई, वैनी." मी शेजारच्या आजींचं नाव काढलं. "त्यांना प्रोसेस ठाऊक न्हाई." नवरा शिफ्टवर होता, त्याचा फोन लॉकरमध्ये. माझ्या मॅनेजरने मला तीनच्या आत सोडायला नकार दिला होता. वन्सं काय करणार हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या पिशवी भरून दाराशी उभ्या राहणार होत्या आणि मुलाची भेट चुकवणार होत्या.

पुढचं मला नंतर शेजारच्या आजींनी सांगितलं; त्या आपल्या दारातून सगळं बघत होत्या. सव्वाला सई कॅम्पमधून आली. दाराशी पिशवी, पिशवीशेजारी आत्या. आत्याकडचा दादा येणार आहे आणि आत्या जात नाहीये, हे शौर्याने एका दमात सांगून टाकलं. सईने चपला जागेवर ठेवल्या, हात धुतले, पिवळ्या रेषेतून चालत येऊन आत्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "रिलीव्हर आलीय. वही द्या." वन्सं म्हणाल्या, "तू ट्रान्सफर झालीयास." "सकाळपुरती. दुपारी मी मोकळी असते." मग वन्संनी तिची तिथेच परीक्षा घेतली. गॅस? मुख्य कॉक बंद. दार? आई किंवा आजी सोडून कुणाला उघडायचं नाही. चावणारा कोणता? डावीकडचा. आजींना सुपरवायझर म्हणून सोफ्यावर आणून बसवलं. तरी वन्संचा पाय उंबऱ्याबाहेर पडेना. तेव्हा सई त्यांचा हात धरून म्हणाली, "आत्या, दादा वाट बघेल. मी नाही जागा सोडणार." वन्संनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पिशवीतला तो जुना चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि पिशवी उचलली.

मी धावतपळत पावणेपाचला पोचले. आजी सोफ्यावर कंपनीच्या बसमधल्यासारख्या डोकं टेकून झोपल्या होत्या. सई दाराशी उभी. मी पर्स टाकून आत शिरणार तोच तिने वही पुढे केली. "आधी सही." मी वाचलं: "शौर्य ओके. जुळे ओके, कुणी चावलं नाही. मटार संपले. अळ्या दोन, नवीन आहेत, मी तपासल्या. आत्याला एक वाजून बत्तीस मिनिटांनी सोडलं. आत्या ओके." शेवटची ओळ मी पुन्हा एकदा वाचली आणि सही केली. सई टेकली आणि म्हणाली, "पाय दुखतात गं उभं राहून. आत्या रोज कशी राहते?" या मुलीला पुढच्या काही वर्षांत सुट्टी कमी आणि क्लास जास्त असणार, शौर्यही एक दिवस अळ्या शोधायचं सोडून देणार, आणि मग वन्सं साठवलेली रजा घेऊन कुणाच्या दारात उभ्या राहणार, हे तेव्हा माझ्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात सई वहीच्या पुढच्या पानावर उद्याची दुपार स्वतःच्या नावावर लिहिताना दिसली.

संध्याकाळी वन्संचा फोन आला. मी विचारलं, "भेटला का हो?" "व्हय, भेटला की. माझ्या आदीच पोचला व्हता. हे रानात, घराला कुलूप. मी वाकणावर आले तर ह्यो उंबऱ्यावर बसलेला, वैनी. एवढा मोठा बाप्या. पायात बूट." त्यांनी नाक ओढलं. "म्या म्हनलं, ऊठ बाबा. मी आले."

आणि त्या दिवशी पहिल्यांदाच वन्संनी ‘ओके का?’ न विचारता फोन ठेवला.