आक्काचा खालचा ओठ

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मात्र विचारू नका.

आक्का माझी थोरली बहीण. तिचा खालचा ओठ जन्मापासून जाड, पुढे आलेला. औंधजवळच्या आमच्या गावात बघायला आलेली माणसं पोहे खायची, तिच्या तोंडाकडे बघायची, 'कळवतो' म्हणून जायची. आणि थोरली उजवल्याशिवाय धाकटीचं कसं ठरणार? मला तर स्थळ चालून आलं होतं. ते किती दिवस थांबेल? — रोज तीच धास्ती.

म्हणून सांगलीचे डॉक्टर मीच शोधून काढले. नव्वद सालानंतरची गोष्ट. भला माणूस. भूल ओठापुरतीच, आतल्या ओल्या बाजूने चीर, जादा भाग काढून टाके, मग आठ-दहा दिवस सूज आणि पातळ खाणं — सगळं समजावलं. काढलेलं परत लावता येत नाही, हेही बजावलं. मग विचारलं, "जखम भरल्यावर वण फुगून वर येतो का? येत असेल तर मी हात लावणार नाही."

आक्काच्या दंडावर लहानपणी देवी टोचल्याची खूण होती — घेवड्याच्या बीएवढी फुगलेली, टणक. एका अंथरुणात वाढलो आम्ही. मला ठाऊक नसेल? तिचा हात पोलक्याच्या बाहीकडे गेला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली ना — मला विचारल्याशिवाय ती कुठे बोलायची?

"नाही डॉक्टर," मी म्हणाले. तिचा हात खाली आला.

पहिला महिना बरा गेला. आता आक्काचंही जमेल, म्हणून वडिलांनी माझी सुपारी फोडली. आणि ओठात आतून गाठ धरायला लागली. ती रोज बोटाने चाचपायची. "सूज आहे, उतरेल," मी म्हणायचे — तिच्या दंडाकडे न बघता. उतरली नाही. ओठ एका बाजूला ओढला गेला, पाणी पिताना ओघळ यायला लागला.

पुन्हा सांगली गाठली. डॉक्टरांनी दंड पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. "मी विचारलं होतं ना? सांगितलं का नाही?"



"इसरले मी, डाक्टर. माजीच चूक हाय," आक्का म्हणाली.

घरीही तिने तेच सांगितलं. तिचं लग्न झालंच नाही. आजवर तिने मला एका शब्दाने विचारलेलं नाही.

ती विसरली नव्हती. मी खोटं बोलले होते. आणि 'स्वतःच्या हाताने तोंड घालवलंस' म्हणून आई तिला बोल लावत होती, तेव्हा मी तिथेच बसले होते — अंगाला हळद लावून घेत.